पेशी, प्रबंध आणि रोगी : एक प्रस्तावना

वैराग हे सोलापूर–बार्शी वाटेवरचे बाजाराचे गाव. मेंदूच्या आणि मज्जासंस्थेच्या विकारांची ओळख येथील माणसाला ग्रंथातून व्हावी लागत नाही. कोणाच्या अंगावरून वारे गेलेले असते, कोणाच्या लेकराला ताप चढला की झटके येतात, एखाद्या वृद्धाच्या हातातली चहाची बशी ओठापर्यंत जाईतो अर्धी सांडते, आणि जन्मभर ज्या गल्लीत वावरली त्याच गल्लीत एखादी आजी भर दुपारी घर विसरून उभी राहते. अशा प्रसंगी घरची माणसे आपल्या परीने सर्व काही करतात : फिट आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतात, वारे गेलेल्याला तेल चोळतात, नवस बोलतात, आणि अखेर एस.टी. धरून अथवा जीप करून सोलापूर नाही तर बार्शी गाठतात. तेथे रोगाला नाव मिळते, चिठ्ठी मिळते, गोळ्या मिळतात. परंतु ज्या पेशींच्या बिघाडाने हे सारे घडले त्या कशा दिसतात, नेमक्या कशाने मरतात, आणि त्या मरू नयेत म्हणून कोण कोठे वर्षानुवर्षे डोळे शिणवीत बसले आहे, याची वार्ता त्या घरापर्यंत सहसा येत नाही. ती वार्ता मराठीत आणावी या हेतूने प्रस्तुत संग्रह सिद्ध झाला आहे. मेंदूच्या पेशी व मज्जाविकार या विषयांवर पीएच.डी.साठी जे संशोधन चालते त्याचा परिचय करून देणे हा त्याचा उद्देश. आणि ज्यांना हा प्रांत सर्वस्वी नवा आहे त्यांच्यासाठी त्याचा साधारण नकाशा आरंभीच काढून ठेवावा, एवढेच काम मजकडे आले आहे.

पीएच.डी. या पदवीविषयी आपल्याकडे एक प्रकारचे औदासीन्य आहे. बढतीच्या कामी लागणारा दाखला, अथवा विद्यापीठाच्या दफ्तरात जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत पडून राहणारा कागदांचा गठ्ठा, असे तिचे चित्र पुष्कळांच्या मनात असते, आणि ते अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही. मात्र मज्जाशास्त्राचा इतिहास पाहू गेल्यास त्याच्या काही महत्त्वाच्या वळणांवर कोणा अननुभवी, पंचविशी-तिशीतल्या विद्यार्थ्याचा प्रबंध उभा असलेला दिसतो. उत्तर ध्रुवाकडील प्रवासांमुळे जगप्रसिद्ध झालेला आणि पुढे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळविणारा नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन हा मुळात मज्जापेशींचा अभ्यासक होता. सागरी प्राण्यांच्या मज्जासंस्थेवरील आपल्या प्रबंधाची परीक्षा देऊन तो १८८८ साली लागलीच ग्रीनलंडच्या बर्फावर निघून गेला, आणि मज्जापेशी एकमेकींत विरघळून गेलेल्या नसून स्वतंत्र असाव्यात हे त्याचे अनुमान त्या काळी मोजक्याच लोकांनी केलेल्या अनुमानांपैकी होते. त्यानंतर तीस-एक वर्षांनी, १९१९ मध्ये, पॅरिस येथे कॉन्स्टान्टिन ट्रेट्याकॉफ नावाच्या रशियन तरुणाने आपल्या प्रबंधात कंपवाताने मृत झालेल्या रोग्यांचे मेंदू तपासून असे नोंदविले की, मेंदूच्या देठाशी असलेल्या काळसर रंगाच्या एका लहानशा पट्ट्यातील पेशी त्यांच्यात नाहीशा झालेल्या आहेत. तत्कालीन पंडितांनी त्या नोंदीला फारसे महत्त्व दिले नाही. आज कंपवाताविषयीचा प्रत्येक पाठ त्याच पट्ट्यापासून सुरू होतो.

हे शास्त्र उभे राहिले ते एका रंगामुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मेंदूचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पूर्वी करड्या गुंत्यापलीकडे काही दिसत नसे. १८७३ च्या सुमारास इटलीतील आबियाटेग्रासो येथील असाध्य रोग्यांच्या इस्पितळात नोकरीस असलेल्या कामिल्लो गॉल्जी याने तेथल्या स्वयंपाकघरातच प्रयोगशाळा मांडली, आणि मेंदूचे तुकडे प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये व नंतर सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून ठेवण्याची युक्ती शोधली. या द्रावणांनी शंभरांतल्या दोन-चारच पेशी काळ्याभोर होतात, बाकीच्या पिवळट पार्श्वभूमीत अदृश्य राहतात. परंतु जी पेशी रंग घेते ती मुळापासून शेंड्यापर्यंत, तिच्या प्रत्येक फांदीवरील बारीक काट्यांसह, संपूर्ण दिसते. सर्व पेशी रंगल्या असत्या तर पुन्हा तोच गुंता दिसला असता. रंगाच्या या कृपणतेतच त्याचे सामर्थ्य आहे, आणि तो नेमक्या याच पेशींना का धरतो आणि त्यांना का नाही, याचा पुरता उलगडा आजही झालेला नाही. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल याने १८८७ मध्ये ही रंगक्रिया पाहिली, ती सुधारून घेतली, आणि पक्ष्यांच्या व लहान प्राण्यांच्या मेंदूंतून हजारो चित्रे काढून हे दाखवून दिले की प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे, शेजारच्या पेशीत विरघळून गेलेली नाही. १९०६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले, आणि ते स्वीकारताना केलेल्या भाषणात गॉल्जीने काहालच्या सिद्धांताचाच विरोध केला. आज काहालचा सिद्धांत सर्वमान्य आहे. पण तो ज्या डोळ्याने दिसला तो डोळा गॉल्जीने दिला, हे विसरता येत नाही.

ही झाली या शास्त्रातील पहिली परंपरा, आकृतीची. दुसरी विजेची. पेशीच्या आवरणातील सूक्ष्म द्वारांतून सोडियम व पोटॅशियम यांचे कण आत-बाहेर जातात आणि त्यामुळे विजेची एक लहर तंतूवरून धावते, हे हॉजकिन आणि हक्सले यांनी माकुळीच्या जातीतल्या स्क्विड या सागरी जीवाचा जाड मज्जातंतू घेऊन १९५२ मध्ये गणिताने सिद्ध केले. तिसरी परंपरा रसायनाची, आणि रोग्याच्या दृष्टीने सर्वांत फलदायी ठरली ती हीच. पेशींमधल्या फटीत एक पेशी रसायन सोडते व दुसरी ते टिपते. त्या रसायनांपैकी डोपामिन हे मेंदूत स्वतंत्र कार्य करते असे स्वीडनच्या आर्विड कार्लसनने १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखविले, १९६० मध्ये व्हिएन्नाच्या हॉर्निकिविच याने कंपवाताच्या मृत रोग्यांच्या मेंदूत डोपामिन जवळजवळ आटलेले असते हे मोजून दाखविले, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉटझियासने, मेंदूत ज्याचे डोपामिन बनते ते लेव्होडोपा मोठ्या मात्रेत पोटातून देऊन अंथरुणाला खिळलेली माणसे चालती केली. ट्रेट्याकॉफच्या काळ्या पट्ट्यातील पेशींचे काम डोपामिन तयार करणे हेच आहे, हे कळल्यावर पन्नास वर्षांपूर्वीचा तो प्रबंध आणि ही गोळी यांची सांगड बसली.

आपल्या भूमीशी या कथेचा एक धागा जुळलेला आहे, तो येथे नोंदवणे मला अगत्याचे वाटते. सह्याद्रीच्या रानांत आणि कुंपणांवर वाढणारी, जिच्या शेंगांवरील कुसांनी अंगाला असह्य खाज सुटते ती खाजकुइली आयुर्वेदात कपिकच्छू व आत्मगुप्ता या नावांनी प्रसिद्ध आहे, आणि वातविकारांत तिचे बी वैद्य देत आले आहेत. तिच्या बियांत लेव्होडोपा असल्याचे मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा या द्रव्याचा कंपवाताशी काही संबंध असेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पुढे १९७० च्या दशकात मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांचे सहकारी यांनी या बियांचे चूर्ण कंपवाताच्या रोग्यांना देऊन त्याची शास्त्रीय कसोटी घेतली. परंपरेतले औषध पेशीच्या भाषेत कसे समजून घ्यावे याचा हा वस्तुपाठ आहे. मात्र तो वाचून कोणी रानातून शेंगा आणून घरी चूर्ण करू लागेल तर ते मोठे अनर्थाचे होईल. बियांतील द्रव्याचे प्रमाण सारखे नसते, आणि लेव्होडोपाची मात्रा ही जाणत्या वैद्यकाच्या देखरेखीचीच बाब आहे.

चौथी परंपरा अनुवंशाची. तिचा भारतातील उगम मुंबईच्या कुलाब्यास, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी १९६२ मध्ये तेथे आले व त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे अमेरिकेत सीमोर बेन्झर यांच्यासमवेत त्यांनी फळमाशीच्या अशा जातींवर काम केले की ज्या नेहमीच्या हवेत सुखाने उडतात, पण उष्णता सुमारे २९ अंशांवर गेली की लुळ्या होऊन खाली पडतात आणि थंडावा मिळताच पुन्हा उठून चालू लागतात. १९७६ मध्ये या दोघांनी त्या माश्यांच्या मज्जातंतूंतील विजेच्या लहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या एका जातीतील दोष सोडियमच्या द्वाराचा आहे हे त्या जनुकाची ओळख पटल्यावर निश्चित झाले. सामान्य वाचक विचारील की माशी पडली काय आणि उठली काय, त्याचे आम्हांस काय? त्याचे उत्तर असे की, माणसातही याच द्वाराचे जनुक बिघडले तर काही थोड्या बालकांना तापाबरोबर झटके येतात आणि पुढे अपस्माराचा हट्टी प्रकार जडतो; तापातले बहुतेक झटके निरुपद्रवी असतात, पण हे काही थोडे कोणते, ते या जनुकामुळे ओळखता येऊ लागले.

याच सोडियमच्या द्वाराशी आमच्या भागातला एक जुना वैरी येऊन भिडतो. लाल विंचवाचे विष हे द्वार मिटू देत नाही. परिणामी शरीरातल्या स्वायत्त मज्जातंतूंची टोके अनावर होऊन रसायने ओततात, रक्तदाब भडकतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते, आणि सरपणाच्या ढिगात हात घातलेले पोर काही तासांत दगावते. कोकणातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांच्या उशाशी रात्रंदिवस बसून, लक्षणांचा तपशील तासातासाने टिपून, हे वादळ ओळखले आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध त्यावर लागू पडते हे १९८० च्या दशकात दाखविले. ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख १९८६ साली आला. ते काम पीएच.डी.चे नव्हते आणि त्यांच्याजवळ प्रयोगशाळाही नव्हती. तरीही या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांचे नाव मी आवर्जून घेतो. रोग्याकडे नीट पाहणारा आणि एकाच पेशीकडे वर्षानुवर्षे पाहणारा, अशा दोन माणसांच्या चिकाटीवाचून या शास्त्राचे एकही पाऊल पुढे पडलेले नाही, असे माझे मत या प्रांतातील वाचनाने बनले आहे, आणि त्यांतला पहिला माणूस तालुक्याच्या दवाखान्यातही असू शकतो.

त्या मताला सर्वांत बळकट पुरावा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातला आहे. डॉ. नोशीर वाडिया यांनी १९५७ मध्ये तेथे मज्जाविकारांचा विभाग सुरू केला. तोल जाऊन झोकांड्या खात चालणारे, बोलणे अडखळणारे रोगी त्यांच्याकडे येत, आणि हे लहान मेंदूच्या ऱ्हासाचे लक्षण हे कोणासही ठाऊक होते. परंतु त्यांतल्या काही रोग्यांना त्यांनी एका बोटाकडून दुसऱ्या बोटाकडे झटकन पाहावयास सांगितले, तेव्हा निरोगी माणसाची नजर जेथे क्षणार्धात उडी घेते तेथे यांची बुबुळे सावकाश सरकत जात, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी रोगी नकळत मान झटकून वळवी किंवा पापण्या मिटून उघडी. असे रोगी एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या सापडू लागले. वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात अशा नऊ कुटुंबांचे वर्णन करून हा एक निराळा आनुवंशिक विकार असल्याचे प्रतिपादन केले. त्या काळी जनुक वाचण्याचे साधन नव्हते. साधन होते ते रोग्याचे दोन डोळे आणि तपासणाऱ्याचे दोन. १९९६ मध्ये या विकाराचे जनुक सापडले. त्यात तीन अक्षरांचा एक तुकडा सामान्यतः २२ च्या आसपास वेळा येतो. तो पस्तिशीच्या घरात वा पुढे गेला की तयार होणारे प्रथिन विकृत होते आणि लहान मेंदूतील पर्किंजे पेशी व मेंदूच्या देठातील पेशी हळूहळू झडू लागतात. नजरेची उडी घडविणाऱ्या पेशी त्या देठातच असतात. आज हा विकार दुसऱ्या प्रकारचा स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया म्हणून जगभर ओळखला जातो, क्यूबाच्या एका प्रांतात तो विपुल आहे, आणि पेशी वाचविण्याच्या उपायांवर अनेक देशांत प्रबंध लिहिले जात आहेत.

विदर्भातील लाखोळीची, म्हणजे लाख या कडधान्याची, गोष्ट याहून दुःखद आहे, कारण तेथे रोगाचे मूळ दारिद्र्यात होते. दुष्काळात इतर पिके जळाली तरी लाख उगवते. तेव्हा मजुराच्या ताटात, आणि कित्येकदा त्याच्या मजुरीतही, तीच येत असे. महिनोन्‌महिने तिच्यावरच गुजराण करणाऱ्या धडधाकट तरुणांचे पाय ताठरत, गुडघे एकमेकांवर घासत, प्रथम एक काठी लागे, मग दोन, आणि शेवटी माणूस रांगू लागे. १९६१ पासून देशात अनेक ठिकाणी तिच्या विक्रीवर बंदीचे हुकूम निघाले. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. एस. शर्मा यांच्या प्रयोगशाळेतील एस. एल. एन. राव आणि पी. आर. अडिगा या तरुण संशोधकांनी शर्मा यांच्यासमवेत लाखेतील विषद्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मेंदूच्या पेशी एकमेकींना उत्तेजित करण्यासाठी ग्लुटामेट नावाचे जे द्रव्य वापरतात त्याची हे विष हुबेहूब नक्कल करते, आणि पायांना हुकूम देणाऱ्या पेशी त्या अखंड उत्तेजनाने मरतात. अतिरेकी उत्तेजनाने पेशी मरते हे तत्त्व पुढे पक्षाघाताच्या अभ्यासातही प्रमुख ठरले. रक्तपुरवठा तुटलेल्या भागातील पेशी ग्लुटामेट ओततात आणि आपल्या शेजारणींनाही मारतात.

कुष्ठरोगाचा उल्लेख मज्जाविकारांच्या ग्रंथात पाहून काहींना आश्चर्य वाटेल, पण तो मूलतः मज्जातंतूंचाच रोग होय. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९५० च्या आसपास आरंभीच्या चट्ट्यांचे बारीक परीक्षण करून जंतू प्रथम मज्जातंतूंत ठाण मांडतो हे दाखविले. तंतूला वेटोळे घालून त्याचे रक्षण करणाऱ्या श्वान पेशींत तो वस्ती करतो. म्हणूनच बोटे बधिर होतात, आणि चुलीचा चटका कळत नाही. डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७५ मध्ये मुंबईत स्थापिलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत या पेशी काचपात्रात वाढवून त्यांचा अभ्यास झाला.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या शास्त्राचा कल विकाराकडून विकासाकडेही वळला आहे : मेंदू बिघडतो कसा हे कळावयाचे तर तो घडतो कसा हे आधी कळले पाहिजे. टाटा संस्थेतच १९९९ पासून काम करणाऱ्या डॉ. शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेतून २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक शोधनिबंध आला; त्याचे मुख्य काम पीएच.डी.च्या एका विद्यार्थिनीचे होते. उंदराच्या गर्भातील मेंदूच्या सालीत जागोजाग काही पेशींतून एलएचएक्स-२ हे जनुक काढून टाकले असता त्या पेशी आपली ओळख विसरून मेंदूच्या किनारीच्या पेशी बनल्या, आणि शेजारच्या निरोगी पेशींना त्यांनी असे संदेश दिले की, एका जागी एकच असावयाचा तो हिप्पोकॅम्पस अनेक ठिकाणी घडू लागला. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी साठविणारा भाग, अल्झायमरच्या विकारात जो आरंभीच ढासळतो तो. एक जनुक काढल्याने स्मृतीचे हे घर कोठे बांधावयाचे याचा निर्णय बदलतो, हे त्या छेदांवर डोळ्यांनी दिसते. ती छायाचित्रे मी जेव्हा प्रथम पाहिली तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटवले नाही. त्याच संस्थेत डॉ. विदिता वैद्य, म्हणजे खाजकुइलीची कसोटी घेणाऱ्या अशोक वैद्यांच्या कन्या, काम करतात; सेरोटोनिन हे मनोवृत्तीशी निगडित रसायन मज्जापेशींत ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची संख्या वाढविते, हे त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये दाखविले. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत स्नायूंना हलविणाऱ्या पेशी झडून जाणाऱ्या ए.एल.एस. या विकाराच्या एका आनुवंशिक प्रकाराचा अभ्यास फळमाशीत चालतो. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरविते. आणि बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेत १९९५ पासून दान केलेल्या मानवी मेंदूंचा संग्रह जतन केला जातो, ज्याच्यावाचून ट्रेट्याकॉफने केले तसे काम आजही अशक्य आहे.

येथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. एक म्हणजे मज्जापेशी हा मेंदूचा निम्माच हिशेब आहे. २००९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी केलेल्या मोजणीप्रमाणे मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी असतात, आणि ग्लिया नावाच्या आधारपेशी साधारण तितक्याच. त्या दसपट असतात हे जुन्या पुस्तकांतले विधान आता टाकून द्यावे. ग्लियांपैकी मायक्रोग्लिया, ज्यांची ओळख काहालच्याच परंपरेतील रिओ-होर्तेगाने १९१९ मध्ये पटविली, त्या मेंदूचे रक्षण करतात, आणि चिथावल्या गेल्या तर निरोगी पेशींचाही घास घेतात. तरुण संशोधकांचे बरेचसे लक्ष आज त्यांच्याकडे आहे. दुसरी गोष्ट कटू आहे : उंदरांत यशस्वी झालेले कितीतरी उपाय माणसात निष्फळ ठरले आहेत. उंदीर दोन वर्षे जगतो आणि अल्झायमर त्याला आपण होऊन होत नाही. आपण त्याच्यात तो घडवितो, आणि मग बरा करतो. या मर्यादेवर उतारा म्हणून २००६ नंतर जपानच्या शिन्या यामानाका यांच्या पद्धतीने रोग्याच्याच त्वचेच्या वा रक्ताच्या पेशी मागे नेऊन त्यांपासून मज्जापेशी घडविण्याचा मार्ग निघाला आहे. तो आशादायक आहे; परंतु काचपात्रात काही महिन्यांपूर्वी जन्मलेली पेशी सत्तर वर्षांच्या पेशीचे दुखणे कितपत सांगू शकेल, हा प्रश्न प्रामाणिक संशोधक स्वतःच विचारतात.

आजच या विषयाकडे वळण्याचे निकडीचे कारण आकड्यांत आहे. भारतातील मज्जाविकारांची देशव्यापी पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार असंसर्गजन्य मज्जाविकारांचा एकूण रोगभारातील वाटा १९९० मध्ये ४ टक्के होता, तो २०१९ मध्ये ८.२ टक्के झाला. आणि सर्व मज्जाविकारांच्या भारात पक्षाघात एकटाच सुमारे ३८ टक्के व्यापतो. साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा २०२३ मधील एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. मुले पुण्या-मुंबईस गेलेली, वस्तीवर दोघेच म्हातारे, आणि त्यांतल्या एकाला दुसऱ्याचे नाव आठवेनासे झालेले, अशी घरे आमच्या तालुक्यात वाढत आहेत. याच बार्शीने १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू करून दाखविली. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील ३४६ खेड्यांत कार्यकर्ते घरोघर फिरले, आणि ग्रामीण भागातील कर्करोगाचे चित्र प्रथमच कागदावर आले. मज्जाविकारांची अशीच शिस्तशीर नोंद याच खेड्यांत झाली पाहिजे असे मला मनापासून वाटते. नऊ कुटुंबांनी वाडियांना जे सांगितले तसे सांगण्याजोगे एखादे कुटुंब आमच्या वस्त्यांवर असेल, पण विचारणारा जाईपर्यंत ते बोलणार कोणाशी?

आता संग्रहाविषयी. यातील लेख पीएच.डी.चे काम चालू असलेल्या अथवा नुकतेच पुरे केलेल्या संशोधकांचे आहेत. प्रत्येकाने आपला प्रश्न, तो कोणत्या रोग्याच्या दुःखातून निघाला, आणि रोजच्या कामाची रीत काय, हे सांगावे असा संपादकांचा आग्रह होता, आणि तो योग्यच होता. मेंदूचा गोठविलेला तुकडा केसाच्या जाडीहून पातळ कापून, प्रत्येक सहावा छेद काचेवर घेऊन, निरोगी कोणता व रोगी कोणता हे स्वतःपासूनच लपवून ठेवून पेशी मोजीत बसणे, हे कंटाळवाणे काम या शास्त्राचा पाया आहे. मोजणाऱ्याला उत्तर आधी ठाऊक असेल तर त्याचा डोळा नकळत तेच उत्तर मोजतो. काही लेखकांनी फसलेल्या प्रयोगांचा वृत्तांतही दिला आहे. नियतकालिके असे निष्कर्ष सहसा छापीत नाहीत, त्यामुळे तोच खड्डा दुसऱ्या शहरातील दुसरा विद्यार्थी पुन्हा खणतो. म्हणून मला ते लेख संग्रहातील सर्वांत मोलाचे वाटतात. परिभाषेच्या बाबतीत संपादकांनी जनुक, प्रथिन, मज्जापेशी असे रुळलेले शब्द घेतले आहेत, आणि डोपामिन, सेरोटोनिन, हिप्पोकॅम्पस ही नावे आहेत तशीच ठेवली आहेत. दवाखान्याच्या कागदावर वाचकाला तीच भेटणार आहेत.

हा उपचारांचा ग्रंथ नव्हे. फिट आलेल्या माणसास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, झटका पाच मिनिटांहून लांबला तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. आणि एका अंगावरून वारे गेले, तोंड वाकडे झाले, तर तेल चोळण्यात वेळ न दवडता साडेचार तासांच्या आत जेथे मेंदूचे स्कॅन होते तेथे पोहोचावे, कारण गुठळी विरघळविणारे औषध सहसा त्या मुदतीतच देता येते : एवढे सांगून उपचारांचा विषय मी येथेच सोडतो. मानसिक विकार, मेंदूतील गाठी आणि जखमा हे विषय स्थळाभावी या भागात आलेले नाहीत. मेंदूज्वर व इतर जंतुजन्य विकारांना ओझरता स्पर्श झाला आहे, तो अपुरा आहे. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला बहुतेक लेख कळावेत. विजेच्या लहरींवरील गणिताचा लेख मात्र त्याने दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवावा. आशा सेविका, परिचारिका आणि शाळाशिक्षक यांच्यासाठी प्रत्येक लेखाअखेर त्या विकाराची आरंभीची लक्षणे दिली आहेत. ती वाचून आपल्या वाडीवस्तीवरचे कोणी आठवले तर ती माहिती त्यांनी प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी. आणि मजकुरात कोठे काही न उमगले वा चुकले असे दिसले, तर ते संपादकांना लिहून कळवावे, म्हणजे दुसऱ्या भागाच्या वेळी त्याचा विचार करता येईल.